सहा फुटांचा माज

आमच्या श्रीगोंद्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला रिकामा डबा बांधून. मग एक दिवस डबा सोडायचा. कुणाचा आठव्या वर्षी सुटतो, कुणाचा नवव्या. माझा बाराव्या वर्षी सुटला. तोवर धाकटा चुलतभाऊसुद्धा काठावरून सूर मारायला लागला होता, आणि विहिरीवर माझी जी टिंगल व्हायची ती मी कधी कुणाला सांगितली नाही. आता सांगतोय, कारण पुढं मी जे केलं त्याला एवढं एकच कारण आहे, आणि तेही पुरेसं नाही.

बायको पाथर्डीकडची. तिच्या माहेरी पोरींनी विहिरीचं पाणी शेंदायचं, विहिरीत उतरायचं नाही. चाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तर ही आमच्या केडगावच्या घरून रोज सकाळी स्कूटीवर नगरच्या तलावावर जाऊन पोहायला शिकली. पुढं कोकणात सहलीला गेलो, तिथं फळीवर उभं राहून लाटेवरून यायचं ते सर्फिंग शिकवत होते. म्हणाली, "अहो, करून बघू की." मी हसलो. ती दुसऱ्याच दिवशी बोर्डवर उभी राहिली. मला उभं राहायला तिसरी खेप लागली.

त्या हिवाळ्यात आम्ही महिन्यातून एकदा तरी गाडी काढायचो. नवशिक्याला तिथं नऊ फुटी फोमचा बोर्ड देतात, चांगला रुंद आणि जाड. कसंही चुका, तो सांभाळून घेतो. बायको त्यावर उभी राहून थेट किनाऱ्यापर्यंत यायची, उतरायची आणि एकटीच हसत बसायची. सोमवारी भाकरी थापतानाही तेच, काल ती तिसरी लाट अशी आली अन् तशी आली. वीस वर्षांच्या संसारात तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगतो, मला ते बघवेना.

शिकवणाऱ्या बाईंना मी म्हणालो, आता मला लहान बोर्ड पाहिजे. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही अजून सरळच येता, वळता कुठं? आधी आठ फुटी घ्या. तो जमला की साडेसात. लहान बोर्ड तुमचं वजन पेलणार नाही." माझं वजन पंच्याऐंशी. पण डोक्यात विहीर बसलेली. मोठा बोर्ड म्हणजे पाठीचा डबा, आणि जो आधी सोडेल तो मर्द. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आम्ही कुठले शहाणे! एका पर्यटकाचा जुना सहा फुटी बोर्ड मी विकत घेऊन टाकला.

केडगावात टपावरून तो उतरवला, तर शेजारचे काका म्हणाले, "इस्त्रीचं टेबल लई भारी आणलं की." बायकोनं बोर्डला हळदकुंकू लावलं, नव्या गाडीला फोडतात तसा नारळ फोडला. आणि तिच्या देखत मी काकांना सांगितलं, "माझा डबा सुटला. हिचा काय सुटत न्हाई, भित्री हाय." ती ताट घेऊन आत गेली.

पुढच्या खेपेला दोन दिवस मी त्या बोर्डवर एकदाही उभा राहिलो नाही. पोटावर झोपलो की तो अर्धा पाण्याखाली जायचा, लाट निघून जायची आणि मी हात मारत तिथंच. शेजारून बायको नऊ फुटीवर मजेत किनाऱ्याला लागायची. लोक बघत होते. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अगं, तू घेऊन बघ हा. किती दिवस त्या फळीवर बसणार?"

"मला माझाच बरा वाटतोय."

"ये म्हणतोय ना."

बाई म्हणाल्या, "ताई, नको. आज लाट मोठी आहे." पण ती आली. चारचौघांत माझा शब्द ती मोडत नाही. हा काही तिचा भाबडेपणा नाही, वीस वर्षं मीच तिला लावलेली सवय आहे.

पहिल्याच लाटेला बोर्डचं टोक पाण्यात घुसलं आणि ती उलटी आत गेली. बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा नाकातोंडात पाणी, ठसका लागलेला. आणि मला बरं वाटलं. घाबरायला हवं होतं, तर बरं वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं होतंय हे लिहिताना, पण झालं ते असं.

त्यानंतर ती समुद्रात उतरली नाही. पुढच्या महिन्यात म्हणाली, "तुमी जाऊन या, माझे गुडघे दुखतात." मग तलावही बंद झाला. मी एकटाच गेलो आणि मुकाट्यानं आठ फुटी मागितला. बाईंनी विचारलं, "ताई नाही आल्या?" मी गुडघ्यांचं सांगितलं. त्यांनी बोर्ड काढून दिला. त्या आठ फुटीवर मला वळायला जमलं. कुणाला दाखवावं, तर किनाऱ्यावर आपलं कुणी नव्हतं.

परवा ती मेथी निवडत बसली होती. शेजारी जाऊन बसलो आणि एकदाचं बोललो, "त्या दिवशी तू पडलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं." वाटलं, चिडेल. निदान हातातली जुडी तरी खाली ठेवेल.

ती पानं खुडत राहिली. म्हणाली, "ठाऊक हाय मला. वर आल्या आल्या आधी तुमच्याच तोंडाकडं बघितलं हुतं."