बाराव्या मजल्याचे साहेब

"कोणी दाबलं? कोणी दाबलं ते?"

सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट बाराव्या मजल्यावरून नुकती सुटलेली. आत आठ माणसं चेंगरून उभी, आणि त्यांच्या मधोमध, सगळ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर, साहेब कडाडत होते. ब्लॉकमध्ये नव्यानं राहायला आलेल्या एका तरुणानं खालच्या मजल्याचं बटण परस्पर दाबलं होतं. त्या बिचाऱ्याला मराठीचा गंध नव्हता, पण गुन्हा आपल्याच हातून घडलाय एवढं त्याला तेवढ्यात कळलं. त्यानं ते बोट खिशात लपवलं.

लिफ्टचं बटण साहेबच दाबणार, हा आमच्या ब्लॉकचा कायदा होता. दुसऱ्या कोणी दाबलं, तर तो प्रवास रद्द. खाली पोचायचं, परत बाराव्या मजल्यावर यायचं आणि साहेबांच्या हस्ते पुन्हा निघायचं. त्या दिवशी आठच्या आठ माणसं मुकाट्यानं परत वर आली. बायकोच्या मते फक्त आम्ही दोघं बाप-लेक आणि तो तरुण आलो. पण ती त्या लिफ्टमध्ये नव्हती, त्यामुळे तिची साक्ष धरू नये.

साहेब म्हणजे माझा मुलगा. वय तेव्हा अडीच. त्यांच्याबद्दल मी 'होते' असं लिहितो, कारण आता ते नाहीत. हल्ली आमच्या घरी त्याच नावाचा एक मुलगा राहतो. गुणी आहे, स्वतःहून दात घासतो, ताटातली भाजी संपवतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण हा काही साहेब नव्हे. साहेबांनी जाऊ नये म्हणून मी फार लढलो आणि सगळ्या लढाया हरलो, त्याची ही हकिगत.

साहेबांचं ब्रीदवाक्य होतं, "माझं मी." बूट माझे मी घालणार, दूध माझं मी ओतणार, सांडलेलं दूध माझं मी पुसणार, म्हणजे आणखी पसरवणार. रोज सकाळी मी ऑफिसची बॅग पाठीला लावून दारात उभा, आणि साहेब उजवा बूट डाव्या पायात कोंबण्यात मग्न. मी हात पुढे केला की थंड आवाजात, "बाबा, तू बस." मी बसायचो. तिकडे एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, गाड्यांमागून गाड्या निघून जायच्या, ऑफिसात तीन देशांची माणसं पडद्यावर माझी वाट बघत ताटकळायची, एका प्रोजेक्टला तर दाढी फुटली. एकदा बॉसनं उशिराचं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याच्याही घरी अशीच एक अडीच वर्षांची होती. त्यानं नुसती मान हलवली.

दुसरं म्हणजे, जगातली सगळी माणसं मराठी बोलतात याबद्दल साहेबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. समोरच्या फ्लॅटमधले चिनी अंकल रोज संध्याकाळी पक्ष्याचा पिंजरा घेऊन कॉरिडॉरमध्ये बसायचे. साहेब त्यांच्यापुढे जाऊन दिवसभराचा वृत्तान्त सांगायचे: कोणती मांजर दिसली, आईनं कसा अन्याय केला. अंकल मँडरिनमधून उत्तर द्यायचे. मी एकदा विचारलं, "साहेब, आजोबा काय म्हणाले?"

साहेब म्हणाले, "त्यांच्या तोंडात घास आहे. मग सांगतील."

तीन वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या मते निम्मं सिंगापूर जेवत होतं.

आणि झोपताना त्यांना माझा कान लागायचा. डावाच. तो मुठीत धरून पिळत पिळत साहेब निद्राधीन व्हायचे. माझा डावा कान उजव्यापेक्षा बोटभर लांब झालाय. न्हाव्याला विचारा, तो दोन्ही बाजूंचे केस वेगवेगळ्या मापानं कापतो. कान सुन्न व्हायचा, पण हलायची सोय नव्हती. त्या वेळी मी वैतागायचो. पुढे एका दुपारी मी नेहमीसारखा कान पुढे करून आडवा झालो, तर साहेबांनी पाठ फिरवली आणि उशीचा कोपरा पकडला. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो, न जाणो, लागला तर. नाही लागला.

तिथून गळती सुरू झाली. साहेब बालवाडीत जायला लागले आणि दर आठवड्याला थोडे थोडे कमी होऊन घरी यायला लागले. 'पायजे'चं 'हवंय' न होता थेट 'वाँट' झालं. एक दिवस बूट बरोबर पायांत गेले. लिफ्टमध्ये कोणी बटण दाबलं, तर आमचे चिरंजीव "थँक्यू" म्हणाले, आणि मला भडभडून आलं. बायको म्हणाली, "अरे, तो मोठा होतोय. आजारी पडलेला नाहीये." आजाराला निदान औषध असतं, असं मी म्हणालो नाही, कारण ती चिडली असती. तीही कपाटातले लहान झालेले कपडे कोणाला तरी द्यायचे म्हणून काढायची आणि परत घडी करून ठेवायची.

समोरच्या अंकलनी तर परवा हद्द केली. आम्ही दोघं समोरून येताना बघून मला विचारतात, "स्मॉल बॉस व्हेअर? लाँग टाइम नो सी."

मुलगा म्हणाला, "अंकल, दॅट्स मी."

अंकलनी त्याला नीट न्याहाळलं. "नॉट यू लाह," ते म्हणाले. "द स्मॉल वन."

माणूस म्हणावा तर हा. एवढ्या मोठ्या ब्लॉकमध्ये साहेबांचं जाणं लक्षात आलेला माझ्याखेरीज हा एकटाच.

मग यंदाची संक्रांत आली. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "पाच पूर्ण होईपर्यंतच करतात हो बोरन्हाण. यंदाचं शेवटचं. नीट कर." मला एकदम आशा वाटली. साहेबांच्या तिसऱ्या वर्षी आम्ही बोरन्हाण केलं होतं तेव्हा डोक्यावर पहिली वाटी ओतताच ते उठून गरजले होते, "माझं! सगळं माझं!" आणि लुटायला जमलेल्या पोरांना हाकलून त्या ढिगावर पालथे पडले होते. हलव्याचा मुकुट त्यांनी स्वतःच खाल्ला. आठवडाभर मुंग्या त्यांच्या मागे पालखीसारख्या चालत. मी म्हटलं, साहेब कुठे दडून बसले असतील, तर बोरांच्या आवाजानं नक्की बाहेर येतील.

लिटिल इंडिया पालथं घालून चुरमुरे, ऊस, बत्तासे आणले. बोरं मिळाली नाहीत, म्हणून चिनी दुकानातले लाल खजूर घेतले. नाव खजुराचं, पण ते बोराचेच चुलतभाऊ. ब्लॉकमधली पोरं बोलावली. काळा झब्बा, हलव्याचे दागिने, पाट, औक्षण, सगळं यथासांग. मुलगा पाटावर बसला, हात मांडीवर, पाठ ताठ, पासपोर्टच्या फोटोला बसावं तसा.

मी पहिली वाटी ओतली. त्यानं डोळे मिटले आणि उघडले.

दुसरी ओतली. तिसरी तर पातेल्यानंच ओतली. "अरे, बास," बायको म्हणाली. मी थांबलो नाही.

"बाबा, डोळ्यात गेलं," तो म्हणाला. तक्रार नव्हती, माहिती होती.

मग पोरं लुटायला धावली. तर हा उठला आणि दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. वाटलं, साहेब आले.

"क्यू अप," तो म्हणाला. "वन बाय वन, आ. एव्हरीबडी विल गेट."

आणि पोरांनी रांग लावली. चिनी, मलय, तमिळ, सगळी शहाणी एकामागे एक उभी राहिली, आणि यानं प्रत्येकाच्या ओंजळीत बत्तासे, खजूर, उसाचा तुकडा असं समान वाटलं. फोनमधून आई म्हणाली, "किती गुणाचा गं माझा नातू." बायको हसली आणि कसलंसं ताट घेऊन आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

पोरं गेल्यावर त्यानं हलव्याचे दागिने काढून पाटावर ओळीनं ठेवले, केरसुणी आणली आणि झाडायला लागला. बालवाडीत शेवटी आवराआवर करायची असते. मी त्याच्याजवळ फरशीवर बसलो.

"पुढच्या वर्षी पण करू या रे," मी हळूच म्हणालो. "आजीला सांगायचंच नाही. कोणी विचारलं तर तू अजून चार वर्षांचा आहेस म्हणू. इथे कुणाला कळतंय?"

तो सोफ्याखाली हात घालून चुरमुरे काढत होता. ते त्यानं डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

"नो नीड, बाबा," तो म्हणाला.