टोपडं उसवलं

तुमच्या बाबांचं बाळपणीचं टोपडं आणि मोजे तुम्हाला देईन असं मी म्हटलं होतं. ते आता नाहीत. काय झालं ते क्रमाने सांगते.

तुमच्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा दवाखान्यात त्यांच्या तपकिरी स्वेटरची डावी बाही खांद्यापासून कापावी लागली. ती तिथेच राहिली. आजारात त्यांची कचेरीतली शुद्ध मराठी गेली, लहानपणीची अहिराणी तेवढी उरली. भर वैशाखात त्यांना थंडी वाजते. ते दंड चाचपतात आणि विचारतात, "मन्ही बाही कोठे शे?" दुसरा स्वेटर घातला की काढून फेकतात. शालही फेकतात. मला ते ओळखत नाहीत. स्वेटर मात्र ओळखतात. "मन्ही बायकोनी करेल शे," असं मलाच सांगतात.

म्हणून बाही व्हायलाच हवी होती.

स्वेटरचा एक धागा पोस्टकार्डावर शिवून मी नंदुरबारच्या बाजारात गेले. मारवाडी दुकानदाराला म्हटलं, "लोकर हवी. याच रंगाची, याच जाडीची."

त्याच्या घरी लोकरीला ऊन म्हणतात. त्याने बाहेर रस्त्याकडे बोट केलं. "ऊन? ते भाईर फुकट भेटी ऱ्हायनं, माय. आते कोण ठेवस? दसरानंतर येजो."

दुकानातले सगळे हसले. एरवी मीही हसले असते. मी त्याला दोनदा विचारलं, गोदामात बघाल का? दुसऱ्यांदा विचारताना मला रडू आलं, तेव्हा तो बिचारा स्वतः माळ्यावर चढला आणि फक्त गुलाबी लोकरीचे गुंडे घेऊन उतरला.

मग बसने विसरवाडीला गेले. तिथे ट्रकवाल्यांसाठी मफलर होते, लोकर नव्हती. फोनवर मागवली तर चकाकणारी, विटकरी आली. आजोबांनी ती बोटांत चोळली आणि खाली टाकली.

शेवटी ट्रंक उघडली. स्वेटरातून उरलेल्या लोकरीचंच मी तुमच्या बाबांसाठी टोपडं आणि मोजे विणले होते. किती पुरेल याचा हिशेब मला बसल्याजागी कळत होता. तरीही टोक शोधलं आणि ओढलं. इतक्या वर्षांची लोकर सरळ होईना, कुरळीच राहिली. भिजवून वाळवण्याइतका धीर माझ्यात नव्हता. तशीच विणली.

कोपरापर्यंत आली आणि संपली.

मी त्यांना स्वेटर घातला. त्यांनी खांद्यापासून हात फिरवत आणला, कोपराशी थांबले, मग खाली उघड्या कातडीवर बाही शोधत राहिले. या वेळी त्यांनी काही फेकलं नाही. माझ्याकडे बघून, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "बाई, मन्ही बायकोले सांगजा. बाही आर्धी ऱ्हायनी."

"सांगते," मी म्हटलं.