शिवरस्त्याचा अहवाल

मी तलाठी होतो. शेतरस्ते खुले करायचे आदेश बरेच बजावले, पण रक्त सांडलं ते एकदाच.

ओतूरकडच्या एका गावात एका शेतकऱ्यानं शिवरस्ता नांगरून त्यात कांदा लावला होता. मागच्या सात-आठ घरांचा ऊस तोडून बाहेर काढायला वाटच उरली नाही. तहसीलदारांनी आदेश काढला, दिवस ठरला. ऐनवेळी कळलं, पोलीस बंदोबस्त येणार नाही. शेतकरी तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा माणूस. तरी साहेब फोनवर म्हणाले, "अहवाल आजच पाहिजे. सुरू करा तुम्ही."

सोबत फक्त गावचा कोतवाल. पन्नाशी उलटलेला, आमच्या खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. "भाऊसाहेब, आज नको," तो म्हणाला. "त्याचं लक्षण बरं दिसत न्हाई."

मी ऐकलं नाही. जेसीबीचं बकेट कांद्यात घुसलं आणि शेतकरी कोयता घेऊन धावत आला. मी आदेश पुढे धरला.

"कागद दाखवतो व्हय मला?"

कोयता माझ्या मानेवर येत होता. कोतवालानं मध्ये हात घातला. त्याची दोन बोटं ढेकळांत पडली. मग बांधावर जमलेले ऊसवाले काठ्या घेऊन त्याच्यावर तुटून पडले. शेतकऱ्याचे दात पडले, तरी लाथा थांबेनात. शेवटी त्याची बायको त्याच्या अंगावर आडवी पडली.

कोतवालाला नारायणगावला नेलं. बोटं काही जोडता आली नाहीत.

संध्याकाळी पुढाऱ्यानं दोन्ही बाजूंना बसवून मिटवलं. रस्ता सुटला, तक्रार कुणी करायची नाही. साहेबांनी मजकूर सांगितला, जेसीबीत हात सापडून इजा. मी तसंच लिहिलं, खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कोतवालानं विचारलं, "काय लिव्हलं, भाऊसाहेब?"

मी सांगितलं.

"मी मशिनीला कवा हात लावला व्हता?"

घरी सोडल्यावर तो एकटाच पोलीस ठाण्यात गेला आणि खरं ते सांगून आला. मला जबाबाला बोलावलं. हवालदारानं माझाच अहवाल पुढे सरकवला. खोटं लिहिलं म्हणालो असतो तर नोकरी गेली असती.

"यात लिहिलंय तसंच घडलं," मी म्हणालो.

कोतवाल दाराबाहेर बाकड्यावर बसला होता. दार उघडंच होतं.