एका कुलपापायी अडलेली एम.एस्सी.

कुमुद गेली त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं, आणि ते मी जिंकले असं मला वाटलं होतं. "जाते कॉलेजात, देऊन टाकते प्रोजेक्ट. झालं समाधान?" असं म्हणून ती कागद पिशवीत कोंबून निघाली. पोहे वाफेवर होते, तेही न खाता. थोड्या वेळाने मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई धापा टाकत आली. "अम्माजी, जल्दी चलो, मैडम गिर गई हैं." मागच्या गल्लीत? कॉलेजला तर पुढून जातात! परिहारांच्या बंद घराच्या पायरीवर ती बसल्या जागी कलंडली होती. डॉक्टरने सांगितलं, हृदय बंद पडलं. म्हणजे मी भांडण जिंकलेच नव्हते. कुमुद पुन्हा त्या कुलपाकडेच गेली होती...

कुमुद माझी नणंद. लग्न केलं नाही, शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि सुदामा नगरात आमच्याच घरी राहिली. रिटायर झाल्यावर बायका भजनाला जातात, सून नसली तर शेजारणीच्या सुनेला नावं ठेवतात. हिने एम.एस्सी.ला नाव घातलं. बायोस्टॅटिस्टिक्स. मी चौथी पास, मला तो शब्द म्हणायला आठवडा लागला. "डॉक्टर होणार नाहीस, नर्स होणार नाहीस, मग शिकून काय करून राहिलीस?" मी विचारलं. म्हणाली, "डॉक्टर खरं बोलतात की नाही ते तपासणार, वहिनी."

तिथे तरी सरळ घेतील? हिची बी.एस्सी. प्राण्यांची, गणित नाही, म्हणून आधी गणिताचे जादा पेपर पास करा. ते केले तर संभाव्यता, मग औषधांच्या चाचण्या कशा आखायच्या तो पेपर, मग कंप्यूटर. एक पेपर संपला की दुसरा उभा. या वयात माणूस गुडघे सांभाळतो, ही वही घेऊन जेवायची आणि वरणात मीठ नाही हे तिच्या लक्षातही यायचं नाही. एकदा नापास झाली तेव्हा वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फी भरून आली.

सगळे पेपर निघाले आणि शेवटचा प्रोजेक्ट उरला. कॉलनीतल्या घरांना नंबर दिले, कंप्यूटरने त्यातली काही घरं काढली, त्या घरांत जाऊन ब्लडप्रेशर मोजायचं आणि खाणंपिणं विचारायचं. आमचं घर निघालं नाही. मी म्हटलं, "तुला जेवायला मी वाढते आणि माझंच ब्लडप्रेशर मोजणार नाहीस?" म्हणाली, "मोजते की, पण प्रोजेक्टात लिहिणार नाही. तुमचा नंबर आला नाही." नको म्हटलं, ठेव तुझं मशीन.

सगळी घरं झाली, परिहारांचं राहिलं. एकटा म्हातारा माणूस, घराला कुलूप. "शेजारच्या घरात विचार," मी म्हटलं. "तिथेही म्हातारा आहे, तोही शेव खातो. काय फरक पडतो?" चालत नाही म्हणे. बरं, तिचे सर तर सरळ सांगत होते, की घर बंद असं लिहा आणि जमा करा, नियमात बसतं. तरी ही लिहीना. "वहिनी, जो घरात सापडत नाही तो दवाखान्यात पडला असला तर? अशांना सोडून देत गेलं तर कागदावर सगळी कॉलनी ठणठणीत." मी म्हटलं, एका माणसाने कॉलनी आजारी पडत नाही, तुझी डिग्री मात्र अडते. तारीख टळली. सरांनी वाढवून दिली. ही सकाळी जाई, संध्याकाळी जाई, कुलूप बघून परत येई. त्या वाढीव मुदतीच्या शेवटच्या दिवसावरूनच आमचं भांडण झालं होतं.

तेराव्यानंतर मी सरांना फोन केला. पिशवीत सगळं तयार आहे, घेऊन येते, डिग्री द्या म्हटलं. माणूस भला, पण म्हणाले, "माताजी, वायवा तो उन्हीं को देना था." तोंडी परीक्षा म्हणजे. मेलेलं माणूस ती कुठून देणार? मला आजही वाटतं, तिने घर बंद लिहून टाकायला हवं होतं. कोणी माझी समजूत घालू नये.

मागच्या आठवड्यात बेल वाजली. दारात परिहारजी, काठी टेकत, एक हात लुळा. देपालपूरला मुलीकडे होते, लकवा मारला होता. "मोहल्लेवाले बोले मैडम मेरे लिए रोज आती थीं," ते म्हणाले. म्हणजे तिचंच खरं होतं! मला इतका राग आला की त्यांना बसा म्हणायलाही मला वेळ लागला. ती गेली हे मात्र आजारी माणसाला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ते उठले, कुमुदच्या खोलीत जाऊन तिच्या टेबलाजवळ बसले आणि दातांनी बाही ओढून दुसरा हात पुढे केला. "लिख लो. जो पूछना था, पूछ लो."

"भिया, कोणासाठी लिहू?" मी म्हटलं. ते हात मागे घेईनात.

मोजण्याआधी कुमुद कोणाला चहा पिऊ देत नसे, आकडा बिघडतो म्हणे. मी आत गेले आणि परिहारजींसाठी चहा टाकला.