अट्रॅक्टाने धरलेला डूख

डूनीन गावच्या संगीताच्या उत्सवाला यंदा मुख्य पाहुणा म्हणून फर्गस लिलिसला बोलवू या, असं अट्रॅक्टा हेहिरने समितीत सुचवलं, तेव्हा तिची भावजय कन्सेप्टा हातातला चहाचा कप तसाच धरून तिच्याकडे बघत राहिली.

"फर्गसला? आणि तू सुचवतेस?"

"का? बॉस्टनला जाऊन एवढं नाव काढलंय त्याने. गावचा माणूस आहे."

समितीतली तरुण मंडळी खूश झाली. जुन्यांनी माना खाली घातल्या. पश्चिम क्लेअर परगण्यात जुनी गोष्ट कुणी विसरत नाही, पण ती उकरतही नाही.

गोष्ट अशी होती. अट्रॅक्टा विशीत असताना काँसर्टिना वाजवायची. दोन तळहातांत धरायची ती सहाकोनी पेटी बापाने, थेडी हेहिरने, एक कालवड विकून तिला आणून दिली होती. नाचणाऱ्यांचे पाय जमिनीवर ठरू नयेत असं तिचं वाजवणं. फर्गस गावच्या नाचाच्या बँडचा म्होरक्या, लाकडी बासरी वाजवणारा, देखणा, आणि तो अट्रॅक्टाशी लग्न करणार असं सारं गाव धरून चाललेलं. त्या वर्षी एनिसला परगण्याची मोठी स्पर्धा होती. फर्गसने तिला सांगितलं, "जेवण उरकून निघायचंय. चर्चच्या फाटकाशी उभी राहा."

ती निळा कोट घालून, पेटी कवटाळून फाटकाशी उभी राहिली. गाडी सकाळीच गेली होती. अट्रॅक्टाच्या जागी लिमरिकहून आलेली नोरीन नावाची मुलगी बसली होती. बँडने पहिलं बक्षीस आणलं, वर्ष सरायच्या आत फर्गसने नोरीनशी लग्न केलं आणि दोघं अमेरिकेला गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर अट्रॅक्टाने गिळलंही असतं. प्रेमात फसलेली ती काही गावातली पहिली नव्हती. पण जाण्यापूर्वी फर्गसने पबमध्ये सांगून ठेवलं, की ऐनवेळी तिचा धीर सुटला, आलीच नाही, म्हणून नोरीनला घ्यावं लागलं. गाडीतल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं. बक्षिसाचा झळाळता कप टेबलावर होता, कुणी तोंड उघडलं नाही. आणि थेडीने लेकीऐवजी त्या लोकांवर विश्वास ठेवला.

"घाबरली होतीस तर मला सांगायचं होतंस, पोरी," एवढंच तो म्हणाला. मरेपर्यंत तेच मनात धरून राहिला. शेवटच्या आजारात तिने त्याचा हात धरून सांगितलं, "बाबा, मी गेले होते. मी उभी होते तिथे." त्याने तिचा हात थोपटला. वेड्या माणसाचा थोपटावा तसा.

त्या दिवशी अट्रॅक्टाने डूख धरला.

चारचौघांत ती पुन्हा वाजवायला बसली नाही. घरी मात्र दार लावून वाजवायची. पोस्टात नोकरी केली, भावाच्या मुलांचं केलं, आणि गावात उत्सव सुरू झाला तेव्हा त्याचं सगळं ओझं अंगावर घेतलं. कोण कुठे उतरणार, कोणत्या पबमध्ये कुणाची वाजवायची बैठक, नाच शिकवायला कोण येणार, सगळं तिच्या हातात. आसपासच्या गावांतला एक वाजवणारा असा नव्हता, ज्याला तिने कधी स्टेशनवरून आणलं नव्हतं की आजारपणात सूप पोचवलं नव्हतं. लोक म्हणायचे, अट्रॅक्टासारखी मनाची मोठी बाई नाही. ती ऐकून घ्यायची.

उत्सवाच्या आठवडाभर आधी ती पॅकी टालटीकडे गेली. पॅकी म्हणजे परगण्यातला सर्वांत जुना फिडलवाला, व्हायोलिन वाजवणारा. तोही त्या गाडीत होता. चुलीत टर्फच्या, वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या, विटा धुमसत होत्या.

"पॅकी, रविवारी फर्गस बैठकीत सूर धरेल, तेव्हा तुम्ही फिडल मांडीवर ठेवायचं. उचलायचं नाही."

बैठकीत माणूस वाजवू लागला आणि कुणीच साथ धरली नाही, यापेक्षा मोठा अपमान त्या मुलखात नाही. शिवी परवडली.

"फार कडक आहे हे, अट्रॅक्टा."

"तुम्ही माझ्या बाबांच्या अंत्ययात्रेत खांदा दिलात. तेव्हाही सांगितलं नाहीत."

पॅकीचे डोळे भरून आले. तिने त्याला रुमाल दिला नाही. "ठेवीन खाली," तो म्हणाला. पॅकीने ठेवलं की बाकीचे ठेवणारच, हे तिला माहीत होतं. तरी ती घरोघर गेली.

शुक्रवारी फर्गस आला. केस पांढरे, अंगावर भारी ट्वीडचा कोट, नोरीन दोन वर्षांपूर्वीच वारलेली. त्याने अट्रॅक्टाला बघून हात पसरले. "अगं, तू अजून तश्शीच आहेस!"

"तशीच आहे, फर्गस."

दोन दिवस तिने त्याला काही कमी पडू दिलं नाही. उद्घाटनाचं भाषण त्याचं, शनिवारच्या नाचाला पहिल्या रांगेतली खुर्ची त्याची. तरुण पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची आणि तो फुलून यायचा. अट्रॅक्टा दुरून बघायची. बोकड चांगला पोसलेला असावा, असं तिला वाटत होतं.

रविवारी दुपारी निरोपाची बैठक. हॉल खचाखच भरला होता, नाचणारी जोडपी कडेला उभी. मधल्या गोल रिंगणात पंधरावीस वाजवणारे, आणि त्यांत अट्रॅक्टा, मांडीवर काँसर्टिना घेऊन. तिला तिथे बघून कन्सेप्टाने तोंडावर हात ठेवला.

फर्गसने बासरी ओठाला लावली आणि एक जलद चाल सुरू केली. पहिली फेरी संपली. दुसऱ्या फेरीला साथ येणार म्हणून त्याने डोळ्यांनी खूण केली. पॅकीचं फिडल मांडीवर आडवं होतं. कुणाचाही हात हलला नाही. नाचणारी जागची हलली नाहीत. फर्गस वाजवत राहिला. म्हाताऱ्या बोटांचं अडखळणं आता प्रत्येकाला ऐकू येत होतं. मग श्वास तुटला, आणि तो थांबला.

"काय झालं रे सगळ्यांना? चाल विसरलात का?" तो हसून म्हणाला. एकटाच हसला.

"मला विचारायचं होतं, फर्गस," अट्रॅक्टा म्हणाली. आवाज चढवायची गरजच नव्हती. "एनिसच्या स्पर्धेला गाडी कधी निघाली होती?"

"आता एवढ्या वर्षांनी हे काय..."

"कधी निघाली होती?"

त्याने पॅकीकडे पाहिलं. पॅकी म्हणाला, "सांग बाबा. नाहीतर मी सांगतो."

"सकाळी," फर्गस म्हणाला.

"आणि मला काय सांगितलं होतंस?"

"जेवणानंतर." त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "मी तरुण होतो, अट्रॅक्टा. चूक झाली. मला माफ कर."

हॉलमध्ये कुणीतरी सुस्कारा सोडला. आता ती हात पुढे करेल, असं सगळ्यांना वाटलं. फर्गसलाही वाटलं असावं, कारण त्याने बासरी पुन्हा उचलली.

"माफी थेडी हेहिरची मागायची होतीस," ती म्हणाली. "आता वाजव. थांबलास का? एकटाच वाजव."

तो उठला, बासरीचे जोड न सोडवताच ती कोटाच्या आत खुपसली, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. कुणी अडवलं नाही. अट्रॅक्टाने काँसर्टिना उघडली आणि त्याने अर्धवट टाकलेली चाल पहिल्यापासून सुरू केली. आधी पॅकी आला, मग सगळे आले, आणि जोडप्यांच्या टाचांनी फरशी दणाणली.

संध्याकाळी भांडी आवरताना कन्सेप्टा म्हणाली, "जरा जास्तच केलंस गं. एकटा म्हातारा माणूस. रडत गाडीत बसला म्हणे."

"रडला?"

"हो."

"बरं झालं सांगितलंस," अट्रॅक्टा म्हणाली.

सूड घेतल्यावर माणूस आतून रिकामा होतो, असं लोक म्हणतात. तिला तसलं काही झालं नाही. तिला सडकून भूक लागली होती. पाहुण्यासाठी झाकून ठेवलेला साल्मन माशाचा मोठा तुकडा तिने ताटात घेतला, त्यावर लोणी टाकलं, आणि खिडकीशी बसून काटे निवडत सावकाश सगळा संपवला.