भोंग्यावरच्या बांगड्या

आमच्या मालकाला चेष्टेची भारी हौस. जर्मनच्या लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा त्याने सगळ्या मोटारी कोळशाच्या गॅसवर केल्या. चढ आला की त्या हटकून दम टाकायच्या आणि उतारूंना खाली उतरून ढकलाव्या लागायच्या. ज्याची गाडी अशी अडेल त्याच्या भोंग्याला पितळेच्या दोन बांगड्या सुतळीने बांधायच्या, हा मालकाचा कायदा. दुसऱ्या कुणाची गाडी अडेपर्यंत त्या उतरत नसत. भोंगा दाबला की किणकिणायच्या, आणि साताऱ्यापासून वडूजपर्यंत बाजारकरी फिदीफिदी हसायचे. वास्तविक माझी बायको हातभर बांगड्या घालून आम्हा सगळ्या ड्रायव्हरांपेक्षा जास्त राबत होती. पण ही अक्कल तेव्हा कुणाला?

मोटार हाकणं म्हणजे माझा जीव की प्राण. पण त्या बांगड्या आल्या आणि कामाची गोडीच गेली. पूर्वी रस्त्यात कुणी अडला तर आम्ही थांबायचो, भाकरी वाटून खायचो. आता जो तो दुसऱ्याची गाडी कधी बंद पडते याची वाट बघू लागला.

एकदा वर्धनगडच्या घाटात माझी गाडी बंद पडली. खाली उतरून इंजिन चालू करायला पुढून लोखंडी हँडल मारलं, ते उलटं फिरलं आणि उजवं मनगट कटकन मोडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ड्रायव्हरचा उजवा हात गेला म्हणजे त्याचं पोटच गेलं. मी रस्त्यातच बसलो. तेवढ्यात मागून दहिवडीला जाणारी आमचीच दुसरी गाडी आली. तिचा ड्रायव्हर माझा जिवाचा दोस्त, आणि बांगड्या त्या वेळी त्याच्या भोंग्यावर होत्या. त्याने गाडी थांबवली. मला वाटलं, देवच आला.

"हात मोडला रं," मी म्हणालो. "मला पुसेगावापतुर न्हे. तितं हाड बसवणारा हाय."

आपल्या भोंग्यावरच्या बांगड्या सोडून त्याने माझ्या भोंग्याला बांधल्या, वर सुतळीला घट्ट गाठी मारल्या.

"गड्या, लय दिस वागवल्या," म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. माझे दोघेतिघे उतारू हसलेसुद्धा.

बैलगाडीतून पुसेगावला पोचेस्तोवर हात टम्म सुजला होता. हाड बसलं, पण वाकडं.

काही दिवसांनी दोस्त पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. माफी मागायला आला असेल म्हणून बायकोने चहा टाकला.

"लय मोकळं वाटतंय गड्या," तो म्हणाला. चेहऱ्यावर निर्मळ आनंद. त्याच्या मनात माझ्याविषयी तिळभरही वाकडं नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप आला. चहा बशीत ओतता ओतता त्याने विचारलं, "हात आता बरा हुईत न्हाई न्हवं? न्हाई, मालक म्हनत व्हता, तुजी वडूजची गाडी मला देतो."

त्याच्या कानाखाली वाजवायला मी उजवा हात उचलायला गेलो. तो उचललाच गेला नाही.