बोट येत होती, तेव्हा दिगू

झेनचा काही उपयोग झाला नाही.

दिगू गेला. दिघीच्या जेट्टीवर, गाडीत, भर सकाळी अकरा वाजता. आज तेरावा.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: दिगंबर, माझा शाळेपासूनचा मित्र. रोह्याकडच्या एका केमिकल कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होता. आवाज असा, की केबिनमध्ये ओरडला तर गेटवरचा वॉचमन उभा राहायचा.

मग कंपनीने त्याला लीडरशिपच्या कुठल्याशा ट्रेनिंगला पाठवलं. सात दिवस. परत आला तो झेन घेऊन.

मी संस्कृत शिकून बातमीदार झालेला माणूस. मला राहवलं नाही.

"अरे, ध्यान इथूनच गेलं. चीनमध्ये चान झालं, जपानमध्ये झेन. आणि तू ते फी भरून परत आणलंस?"

दिगूने शांतपणे तीन श्वास घेतले. हे नवीनच होतं.

"हरकत नाही," म्हणाला, "इम्पोर्टेड मालाला लोक जपतात तरी."

कुणी काहीही बोललं की उत्तराआधी तीन श्वास, हा त्याचा नियम. कारखान्यात हाहाकार. युनियनचा माणूस माझ्याकडे आला. "तुमच्या मित्राला सांगा, शिव्या द्या म्हणावं. पाच मिनिटांत विषय संपायचा. आता साहेब नुसते बघत बसतात, रात्रभर झोप लागत न्हाय."

पण एक झालं. एका ऑपरेटरकडून व्हॉल्व्ह उघडा राहिला, आणि तो स्वतःहून केबिनमध्ये जाऊन सांगून आला. पूर्वी असं कुणी सांगितलं नसतं. पूर्वी थेट धूर दिसला असता.

यावर मी थट्टा केली नाही. नोंद असावी.

पुढे व्हीआरएस घेऊन तो दिवेआगरला आला. वडिलांची नारळ-पोफळीची वाडी, त्यात होमस्टे. पाहुण्यांना आपापलं ताट घासायला लावायचा, तेही लक्ष देऊन. एका पाहुणीने रिव्ह्यू लिहिला: जेवण उत्तम, मालक भांडी घासून घेतो.

वादळात निम्मी वाडी आडवी झाली. पोफळी चढणारा महादू आडव्या झाडांकडे बघून म्हणाला, "दादा, येवढी परत कदी व्हायची?"

तीन श्वास.

"आज किती रोपं लावून होतील?"

"धा."

"मग दहा लाव."

मी या दृश्याची बातमी केली. संपादकांनी छापली नाही. त्यांना नुकसानीचा आकडा हवा होता.

गेल्या वर्षी फुप्फुसं घट्ट होत जायचा आजार निघाला. वीस वर्षं लोकांना 'श्वासाकडे लक्ष द्या' सांगणाऱ्या माणसाला. वर बसलेल्याची विनोदबुद्धी माझ्याहून वाईट आहे.

"आता श्वासाचं काय करतोस?" मी विचारलं.

"आता मुद्दाम लक्ष द्यावं लागत नाही," म्हणाला. "तो दुसरीकडे देऊच देत नाही."

त्या सकाळी वहिनींचा फोन आला. मी गाडी काढली. मागे दिगू, वहिनी आणि ऑक्सिजनचा सिलेंडर धरून महादू.

माणगावचा रस्ता लांब पडेल, फेरीबोटीने खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरून हॉस्पिटल गाठू, असं ठरवलं. कुणी ठरवलं? मी.

जेट्टीवर पोचलो. वाऱ्यामुळे बोट पलीकडेच थांबली होती.

रांगेतल्या लोकांनी आत डोकावून पाहिलं आणि कुणी न सांगता गाड्या बाजूला घेतल्या. मासळीचा टेंपो, पुण्याच्या गाड्या, सगळ्यांनी. आमची गाडी पहिली.

आणि मग काहीच करण्यासारखं उरलं नाही. पुढे खाडी.

"भीती वाटतेय रे," दिगू म्हणाला.

मला वाटलं होतं, हा काहीतरी सखोल बोलेल.

मी म्हणालो, "ते श्वासाचं कर ना. तुझं ते."

"करतोय. नाही होत उपयोग."

मी म्हटलं, "होतोय, होतोय." एवढं धडधडीत खोटं मी बातमीतही लिहिलेलं नाही.

मग पलीकडे बोट हलली. मी काचेवर बोट टेकवून दाखवत सुटलो. "निघाली बघ! आली, आली. अर्ध्यात आली."

"तिकडे नको," तो म्हणाला. "इकडे बघ."

मी म्हटलं, "हो रे, ही बघ आलीच."

महादू म्हणाला, "भाऊ."

पुन्हा म्हणाला, "भाऊ, मागं बगा."

महादू दिगूकडेच बघत होता. वहिनीही. मी बोटीकडे.

डॉक्टर नंतर म्हणाले, माणगावने गेला असतात तरी फरक पडला नसता. मी ऐकून घेतलं.

बोट लागली. फळी खाली आली. बोटीवरचा माणूस दोन्ही हात हलवत ओरडला, "पेशंटची गाडी आधी! चला, चला!"

मी काच खाली केली. "बाकीच्यांना घ्या."

"अवो साहेब, टाइम कशाला घालवताय? तुमच्यासाठी थांबलेत सगळे!"

मला त्याला सांगावं लागलं.

मागे वळून त्याने हात वर केला, आणि ज्या गाड्या आम्हाला पुढे जाऊ द्यायला सरकल्या होत्या, त्या आता आम्हाला मागे फिरू द्यायला एकेक करून सरकल्या. मागच्या एकाने हॉर्न दिला. टेंपोवाल्याने उतरून त्याला थांबवलं.

दिवेआगरला परत निघालो. वहिनींनी ऑक्सिजन बंद केला नव्हता. घरी पोचेपर्यंत तो चालू होता. बंद करा, असं मीही म्हणालो नाही.

दिगू, श्रद्धा माझ्याकडे फारशी कधी नव्हती, तुला ठाऊक आहे. पण जो काही भाव आहे, तो सगळा तुझ्यासाठी. नीट जा.